मी काढून ठेवलेला पंखा

माझ्या गाडीला दोन पंखे आहेत. बॉनेट उघडलं की समोर पाण्याची टाकी दिसते, तिला रेडिएटर म्हणतात, आणि तिच्या पाठीला चिकटून हे दोघं शेजारी शेजारी बसलेले असतात. एक थोडा मोठा, एक थोडा लहान. ही गाडी दारात येईपर्यंत माझा समज असा, की इंजिनाला एक पंखा पुरे. चाळीस वर्षं मी जीप चालवली. मंगरूळपीर ते शेलूबाजार, शेलूबाजार ते कारंजा. लग्नाची वऱ्हाडं, बाळंतिणी, आमच्या मळ्यातली वांग्याची पोती, सगळं वाहिलं. त्या जीपचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन फिरलं की पंखा फिरला. इंजिन जोरात तर पंखा जोरात. मी चौथी शिकलो, पण त्या जीपचा एकही नट असा नव्हता, की ज्याला माझा हात लागला नाही. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकीच आहे म्हणा, पण खरी आहे.

जीप मोडीत गेली. मुलानं पुण्यात नवी गाडी घेतली आणि जुनी आम्हाला आणून दिली. जाताना म्हणाला, "बाबा, हिच्यात सोताहून काही उघडू नोका. काही वाटलं तं मिस्त्रीकडे नेजा." पोरगं वाईट बोललं नाही. पण ते वाक्य मला दाताखाली खडा आल्यासारखं झालं, आणि वर्षभर तसंच राहिलं.

चैत्रात एक पंखा वाजायला लागला. गाडी उभी असली आणि एसी लावला की घर्र घर्र. बायकोला उन्हाचं आता सोसत नाही, म्हणून एसी लावावाच लागायचा. ती शेजारच्या सीटवर बसायची, आणि दरवेळी तोंड वाकडं करायची.

"काहो, हे काय वाजून राह्यलं? आटाचक्कीत बसल्यावानी वाटते."

"पंखा हाय. म्हातारा झाला."

"मंग मिस्त्रीले दाखवा ना."

"मिस्त्री कायले? मी मेलो काय?"

त्याच दिवशी दुपारी अंगणातल्या कडुनिंबाखाली मी बॉनेट उघडलं. ते वर धरून ठेवायची सळई घसरते, म्हणून बायकोला हाक मारली. ती भाकरी करत होती. पिठाचे हात घेऊन आली आणि दोन्ही हातांनी झाकण धरून उभी राहिली. मी दोन्ही पंख्यांची पाती बोटानं फिरवली. एक फुलासारखं फिरलं, दुसरं जड, खरखरीत. आतल्या मोटरचं बुश गेलं होतं. बुश म्हणजे दांडा ज्याच्यात फिरतो ते कडं. ते झिजलं की मोटर कण्हायला लागते. मोटर बदलणं हा उपाय होता. मी तिच्या वायरचा जोड, त्याला मिस्त्री लोक कपलर म्हणतात, तो दाबून उपसून काढला आणि बाजूला चिंधीनं बांधून ठेवला. गाडी सुरू केली, एसी लावला. आवाज बंद.

"पाह्य," म्हटलं. "झालं का काम?"

ती वाकून आत पाहत होती. "दुसरा फिरून राह्यला का पन?"

"त्याले जवा लागन तवा फिरन. तू भाकरी पाह्य, जळून राह्यली."

एकाचा कपलर काढला, तर दुसऱ्याचाही आवाज का येत नाही, हा प्रश्न तिला पडला. मला पडला नाही. पडला असेल तर मी तो आत येऊ दिला नाही.

त्यानंतर तीनेक आठवडे काही झालं नाही. मळ्यातून बाजारापर्यंत जायचं आणि यायचं, रस्ता मोकळा. गाडी पळत असली की समोरचा वारा आपोआप टाकीच्या जाळीतून जातो आणि पाणी थंड करतो. पंख्याचं काम गाडी उभी असते तेव्हा. एवढं मला तेव्हाही माहीत होतं. उभ्या गाडीत एसी गरम फुंकायचा, तर मी म्हटलं, गॅस कमी झाला असेल.

वैशाखात एका सकाळी, नऊ वाजायचे होते, किन्हीराजाहून साडूचा फोन आला. माझ्या बायकोची मोठी बहीण त्याच्या घरी दिलेली. ती दोन महिने अंथरुणाला होती.

"गेली," तो म्हणाला.  "बारापर्यंत ठेवतो भाऊ. ऊन लय हाय, त्याच्यापुढं नाही जमत. माहेरचं तेवढं घेऊन या."

आमच्याकडे बाई गेली, की तिच्या अंगावर माहेरचं पातळ पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. सासरच्यांनी कितीही भारी साडी नेसवली, तरी सगळ्यांत वरची माहेरची. त्यासाठी लोक खोळंबतात. त्या दोघी बहिणींचं माहेर शिरपूर जैनचं. आईबाप जाऊन किती वर्षं झाली, एक भाऊ होता तो तरणाच गेला, आणि त्या घराच्या जागी आता भिंतही उभी नाही. म्हणजे माहेर म्हणून उरली होती फक्त माझी बायको. ती पोचली तर माहेर पोचलं, नाहीतर नाही.

ती रडली नाही. चुलीवरचं दूध उतरवलं, झाकलं, आणि म्हणाली, "दुकान कवा उघडते?"

दुकान दहाला उघडतं. आम्ही मंगरूळपीरला जाऊन थेट दुकानदाराच्या घराचं दार वाजवलं. दर्ग्याच्या रस्त्याला त्याचं कापडाचं दुकान आणि मागे घर. आमच्या दोन पोरींच्या लग्नाचा बस्ता तिथलाच. तो बनियानवरच बाहेर आला, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, काही न विचारता शटर वर केलं. तिनं चार पातळं उघडली. हिरवं, लाल काठाचं, ते दोन वेळा हातावर टाकून पाहिलं, काठ बोटानं चोळून पाहिला. बाहेर मी हॉर्न वाजवत होतो.

"बहीन रंग उडालेलं नेसत नोती," ती आतून म्हणाली. "दम धरा."

दुकानदारानं पातळ वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलं. घासाघीस झाली नाही. आम्ही निघालो तेव्हा तो "या परत" असं म्हणाला नाही. पायरीपर्यंत आला आणि उभा राहिला.

स्टँडवर मालेगावची बस लागलेली होती. ती शेलूबाजार, किन्हीराजावरूनच जाते. बायको म्हणाली, "बसनं जाऊ. सुखानं जाऊ."

"गाडी असताना बसनं?" मी म्हटलं. "माहेरचे मानसं बसमधून धूळ झटकत उतरतीन काय? लोक का म्हनतीन?"

"लोक आज माह्याकडे पाह्यतीन का तिच्याकडे?"

मी गाडी सुरू केली होती. ती बसली. पुडकं मांडीवर.

चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. तासाचं काम. मी तो रस्ता डोळे मिटून चालवला असता. शेलूबाजारपर्यंत गाडी सुतासारखी सरळ गेली. पुढे मोठ्या रस्त्याला लागलो आणि थोडं गेल्यावर पुलाचं काम निघालं. रस्ता एका बाजूनं बंद, शेतातून कच्चा वळसा, आणि त्या वळशावर तुरीच्या पोत्यांचा ट्रक चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटून आडवा. दोन्हीकडे रांग. एक गाडी सुटायची, मग चार मिनिटं उभं. पुन्हा पाच हात पुढे.

एसीतून गरम वाफ यायला लागली. बायको म्हणाली, "बंद करा ते. चुलीपुढं बसल्यावानी होऊन राह्यलं." बंद केला, काचा खाली घेतल्या. तापमानाचा काटा अर्ध्यावर असतो नेहमी, तो वर सरकायला लागला.

आता मी जे केलं ते जीपवाल्यानंच करावं. जीप तापली की आम्ही गिअर काढून ॲक्सिलेटर दाबायचो. इंजिन जोरात, म्हणजे पट्टा जोरात, म्हणजे पंखा जोरात, म्हणजे काटा खाली. चाळीस वर्षं हा उपाय कधी फसला नाही. मी दाबला. काटा खाली यायचा सोडून धावत वर निघाला. मी आणखी दाबला.

आणि एकदम समोरून असा आवाज उठला, जसं खळ्यावर कोणी थ्रेशर सुरू केलं. सगळी गाडी थरथरली. मला वाटलं, राहिलेला पंखाही तुटून जाळीत घुसला. मी चावी फिरवून बंद केली. आवाज थांबला. आणि त्या शांततेत बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ वर यायला लागली.

मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ काका, चहा ठेवला काय? साखर कमी टाकजा!"

मी खाली उतरून बॉनेट उघडलं. खांद्यावरचा दुपट्टा हातावर गुंडाळून टाकीचं झाकण फिरवलं, तसं उकळतं पाणी उसळलं आणि मनगट भाजलं. डाग अजून आहे. बायको खाली उतरली होती, पुडकं छातीशी धरून.

तेवढ्यात मागून रांगेतून तीच बस आली. आम्ही स्टँडवर सोडलेली. माझी गाडी वाटेत होती, म्हणून बस शेताच्या बांधाला घासून हळूहळू पुढे निघाली आणि दार अगदी आमच्या समोर आलं. कंडक्टर वाकून म्हणाला, "मावशी, येता काय? जागा हाय."

तिनं एक पाय उचलला होता. माझ्याकडे पाहिलं.

"दोन मिनिटात सुरू होते," मी म्हटलं. "बस तू गाडीत."

"दोन मिनिटात?"

"मी सांगतो ना."

बस गेली. ती गाडीत जाऊन बसली नाही. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली जाऊन बसली.

मी पिण्याच्या पाण्याची कॅन आणली आणि ते थंड पाणी टाकीवर ओतलं. जीपच्या पितळी टाकीवर असं पाणी मी कितीदा ओतलं असेल. हिच्या टाकीच्या दोन्ही बाजू प्लास्टिकच्या. तट्ट असा आवाज झाला, फार मोठा नाही. उभी भेग पडली आणि हिरवं पाणी धुळीत वाहायला लागलं. मी पाहत उभा राहिलो.

खिशात फोन वाजत होता. साडू. मी नाव पाहिलं आणि उचलला नाही. काय सांगणार होतो? म्हटलं, काहीतरी सोय झाली की मग सांगू, निघालो म्हणून. थोड्या वेळानं परत वाजला. मग परत. तीनदा. बायकोचा फोन गाडीत चार्जिंगला होता, तोही वाजून गेला असेल. तिला ऐकू गेलं नाही.

टरबुजाची एक पिकअप शेवटी थांबली. ड्रायव्हरच्या शेजारी आम्ही दोघं दाटीनं बसलो. ती खिडकीकडे. किन्हीराजा येईपर्यंत ती पुडक्याची सुतळी घट्ट करत राहिली.

पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. अंगणात पाणी टाकलेलं होतं आणि ते सुकत आलं होतं. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्ही आत आलो. त्यातल्या एका म्हातारीनं उठून माझ्या बायकोचा हात धरला.

"साडेबारापर्यंत ठेवली वं बाई. मानसं थांबनात. आत्ताच नेली."

बायकोनं विचारलं, "माहेरचं?"

"शेजारच्या सुनेनं टाकलं. ते तुमच्या शिरपूरकडचीच हाय. म्हने, मीच माहेर समजा."

कोपऱ्यात एक पंचविशीची पोर उभी होती. तिनं मान खाली घातली, जसं काही तिचंच चुकलं. बायको तिच्याकडे बघत राहिली. मग पुडकं माझ्या हातात दिलं. "तुमी जा. बायाले तिथं येता येत नाही. पाहा, अजून असन तं."

मसणवाटा नाल्याच्या पलीकडे. माझे गुडघे कामातून गेलेले आहेत, तरी मी पळालो. पळतानाच धूर दिसला.

साडू माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे. तो एका दगडावर बसला होता. मी सुतळी तोडली, कागद काढला आणि पातळ त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते हातात घेतलं, काठावरून अंगठा फिरवला, आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"आता इस्तवावर नोका टाकू भाऊ. घेऊन जा."

खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं होतं, की दोन पावलं पुढे जावं आणि ते आगीत टाकून द्यावं. घरी जाऊन सांगावं, पडलं, वेळेवर पोचलो. तिला कळलं नसतं. पण पंधरा-वीस माणसं बघत होती. त्यांच्या लाजेनं मी टाकलं नाही. खोटं बोलायचं नाही म्हणून नव्हे.

परत आलो तेव्हा ती दारातच उभी होती. माझ्या हातात हिरवं दिसलं तिला. तिनं ते घेतलं, भुईवर बसून मूळच्या घडीवर घडी घातली, त्याच कागदात गुंडाळलं. मग पहिल्यांदा रडली.

गाडी दुसऱ्या दिवशी ओढून मंगरूळपीरला आणली. वायरिंगचं काम करणारे एक मुसलमान मिस्त्री आहेत, वय पन्नाशीचं, त्यांच्या टपरीपुढे लावली. त्यांनी बॉनेट उघडलं, फुटकी टाकी पाहिली, हात आत घातला आणि चिंधीत बांधलेला कपलर दोन बोटांत धरून वर काढला.

"काकाजी, हे कोनं काढलं?"

"मालूम नाही," मी म्हटलं. "पोरानं काढलं असन पुण्यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चिंधीकडे. चिंधी माझ्या जुन्या धोतराची होती. ते उठले. आत जाऊन दोन इंडिकेटरचे बल्ब आणि एक बॅटरी घेऊन आले.

"बसा. चहा सांगतो. पाहा आता." त्यांनी एका बल्बमधून तार काढून दुसऱ्यात घातली, आणि टोकं बॅटरीला लावली. दोन्ही बल्ब लागले, पण मिणमिणते. "हे तुमचे दोन पंखे. पानी थोडं गरम झालं, नाहीतं एसी लावला, की गाडी दोघाले असं एकामागं एक जोडते. एकच करंट दोघातून जाते, दोघात वाटल्या जाते. म्हनून दोघंही आस्ते फिरतात. आवाज कमी, बॅटरीले आराम."

मग त्यांनी एक बल्ब उपसून घेतला. दुसरा विझला.

"काहून विझला? त्याले तं काही झालं नोतं," ते म्हणाले. "पन त्याचा करंट याच्यातूनच येत होता. तुमी... म्हंजे ज्यानं कोनं काढला त्यानं एक काढला, आन आस्ते फिरायचा टाइम आला की दोन्ही बंद."

"मंग ते थ्रेशरवानी काय वाजलं?"

त्यांनी तारा बदलल्या. आता प्रत्येक बल्ब वेगळा बॅटरीला लावला. दोन्ही डोळे दिपतील असे पेटले. "पानी लय तापलं की आतला रिले, म्हंजे करंटचा स्विच, जोडनी बदलते. दोघाले सोता-सोताचा पुरा करंट. मंग ते जोरात पळतात. तुमचा तं एकच राह्यला होता. त्यानं एकट्यानं पुरी ताकद लावली, तोच तो आवाज. तुमी तवा गाडी चालू ठेवली असती, नुसती उभी, पाच मिनिटं, तं त्यानं एकट्यानं पानी उतरवलं असतं."

"मी बंद केली."

"ह्या गाडीत चावी बंद, पंखा बंद. खतम." ते थोडं हसले. "आन रेस देली असन तुमी. जीपवाले सगळे देतात. काकाजी, हिच्या पंख्याले पट्टा नाही. रेस देली म्हंजे चुलीत लाकूड सारलं."

चहा आला होता. मी प्यायलो. गरम होता की गार, आठवत नाही. टाकी नवी बसली, पंख्याची मोटर नवी बसली.

तेरवीला किन्हीराजाला गेलो. लोकांनी विचारलं, गाडीला काय झालं होतं. पंगत बसायची होती, मांडवात माणसं होती, साडू होता, माझ्या जातीतली चार मोठी माणसं होती. मी म्हटलं, "पंखा बंद होता. आवाज व्हायचा त्याचा, तं हिले सहन होत नोता. हिनं बंद कराले लावला."

कोणीतरी म्हणालं, "बायाचं असंच असते." दोघं-तिघं हसले. बायको खांबापाशी पत्रावळी मांडत होती. तिचा हात थांबला नाही. एक पत्रावळ, पुढची पत्रावळ, त्याच्या पुढची. मला वाटलं, तिनं ऐकलं नाही.

त्यानंतर ती गाडीत बसायची बंद झाली. बाजारला जायचं तर भाजीचे गठ्ठे गाडीत टाकायची आणि स्वतः फाट्यावरून ऑटोनं यायची. विचारलं तर म्हणायची, "मले मळमळते गाडीत." आधी कधी मळमळलं नव्हतं.

पावसाळा गेला. कार्तिकात एका दुपारी आम्ही मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. ती समोर, मधे मेथीचा ढीग. मी म्हटलं, "तो पंखा. मी कपलर काढला म्हनून दोन्ही बंद पडले. मिस्त्रीनं सांगतलं होतं."

ती जुडी बांधत राहिली. "मले मालूम हाय."

"कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? झाकन मीच धरलं होतं ना. दुसरा फिरून नोता राह्यला, मी पाह्यलं ना माह्या डोळ्यानं. विचारलंही तुमाले. तुमी म्हनलं, भाकरी पाह्य." गवताच्या काडीनं जुडी आवळली, ढिगावर फेकली. "पंख्याचं जाऊ द्या. मी म्हनली होती मिस्त्रीले दाखवा. तुमी चारचौघात काय सांगतलं? हिनं बंद कराले लावला. माह्या बहिनीच्या तेरवीत."

 मी एक जुडी बांधली, ती सुटली. परत बांधली.

"जाऊन सांगा तिथं," ती म्हणाली. "दुसरं काही नाही मांगत मी."

मी आठ दिवस गेलो नाही. रोज सकाळी उठायचो आणि म्हणायचो, उद्या. शेवटी गेलो, बसनं. त्या वळशाच्या जागी आता पूल झाला आहे. बस तिथे हळूही झाली नाही. साडू ओट्यावर एकटाच बसला होता, तूर निवडत. मी त्याला सगळं सांगितलं. कपलर, चिंधी, रेस, थंड पाणी, बस जाऊ दिली ते. तेरवीत बोललो ते खोटं होतं, हेही. आयुष्यात एवढं सलग मी कोणापुढे वाकलो नव्हतो. बोलून झाल्यावर मला वाटलं, आता तो शिव्या देईल, किंवा म्हणेल, जाऊ द्या भाऊ, नशीब.

त्यानं सुपातला एक खडा काढून फेकला.

"गाडी कोनाचीही बिघडते," तो म्हणाला. "फोन तं चांगला होता ना?"

माझा हात खिशातल्या फोनवर गेला.

"तीनदा लावला मी. लोक म्हनत होते उचला, मी म्हनत होतो थांबा, एकदा बोलू द्या. तुमी नुसतं म्हनलं असतं, रस्त्यात हाओत, तं मी दोनपर्यंत ठेवली असती. कोनाची हिंमत नोती उचलाची. पन तुमी उचललाच नाही. मले वाटलं, येतच नाही."

एवढे महिने मी पंख्याचा विचार केला होता. करंट कुठून येतो, कुठे जातो, रात्रंदिवस तेच. फोनचा एकदाही केला नव्हता. तो माणूस परत तूर निवडायला लागला. मला चहा विचारला, मी नको म्हटलं, आणि पुढची बस यायला अवकाश होता तरी उठून फाट्यावर जाऊन उभा राहिलो.

घरी येऊन तिला सांगितलं, सांगून आलो. फोनचं मात्र सांगायला जीभ वळेना. मग तेही सांगितलं. ती उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा हातात ते कागदातलं पातळ होतं. कागद पिवळा पडला होता.

"हे मी पेटीत ठेवून राह्यली, खाली, माह्या लुगड्याच्या," ती म्हणाली. "माह्या माहेरचं आता कोनीच येनार नाही. पोरीले मालूम नाही, पोराले मालूम नाही. तुमाले मालूम राहू द्या. माह्या वक्ती हेच टाकजा. कोनाच्या सुनेले माहेर नोका करू."

"आन मी आधी गेलो तं?"

"मंग तिथंही उशीर करजा थोडा," ती म्हणाली. हसली नाही.

म्हणून हे लिहून ठेवतो. पातळ लोखंडी पेटीत आहे, डाव्या कोपऱ्यात, हिरवं, लाल काठाचं. पोरांनी वाचलं तर त्यांनाही ठाऊक राहील.

रोज सकाळी मळ्यात जायच्या आधी मी गाडी सुरू करतो, एसी लावतो, आणि बॉनेट उघडून समोर उभा राहतो. आधी काही होत नाही. मग आतून कट्ट असा बारीक आवाज येतो आणि दोन्ही पाती हळूहळू फिरायला लागतात, मोठा आणि लहान, एकाच चालीनं. मी डोकं वाकवून खात्री करतो. कुठे जायचं नसतं. सळई अजून घसरते, म्हणून झाकण एका हातानं धरावं लागतं. ती आता धरायला येत नाही. स्वयंपाकघरातूनच विचारते.

"दोन्ही?"

"दोन्ही," मी म्हणतो.

मग भाकरी थापल्याचा आवाज परत सुरू होतो. मी झाकण खाली करतो आणि चावी बंद करतो. ती अजून गाडीत बसलेली नाही.